अ‍ॅझ्टेकियम रिटेरी : ऐंशी बियांची वही

७ फेब्रुवारी २०२१

बी हातात आलं. कागदाच्या पुडीत ऐंशी दाणे. एक दाणा जेमतेम अर्धा मिलिमीटर, काळपट, एका टोकाला फिकट मऊ गाठ. पुडी उघडताना शिंक आली असती तर प्रकल्प तिथेच संपला असता.

बी दिलं त्या बाईंनी चाळीसेक वर्षं निवडुंग वाढवलेत. हे त्यांच्याच कुंडीतल्या झाडांचं, त्यांनीच कुंचल्याने परागण करून धरलेलं बी. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण अ‍ॅझ्टेकियम रिटेरी हा निवडुंग साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून उपटलेल्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी, आणि कुंडीत वाढवलेल्या रोपालाही सीमा ओलांडायची तर कागदपत्रं लागतात. पुडीवर बाईंनी पेन्सिलीने एकच सूचना लिहिली होती : ‘पिशवी उघडू नकोस.’

झाड मेक्सिकोतलं. नुएवो लिओन राज्यात रायोनेसच्या आसपासच्या दऱ्यांत, जवळजवळ उभ्या कड्यांच्या भेगांत ते चिकटून राहतं. तिथे माती नावालाच, आणि दुसरं काही फारसं तगत नाही. जर्मन संग्राहक फ्रीडरिश रिटरला ते १९२८ साली दिसलं आणि पुढच्या वर्षी निवडुंगांचा अभ्यासक बोडेकरने त्याच्यासाठी अ‍ॅझ्टेकियम ही नवी प्रजाती केली. अंगावर नऊ ते अकरा कंगोरे, प्रत्येक कंगोऱ्यावर आडव्या चुण्या. अ‍ॅझ्टेक शिल्पांतल्या कोरीवकामाची आठवण व्हावी असं रूप, म्हणून हे नाव. वाढ इतकी सावकाश की वर्षाचं रोप टाचणीच्या डोक्याएवढंही नसतं.

मला हवं आहे ते स्वतःच्या मुळांवर वाढलेलं, फुलावर आलेलं एक झाड. कलमं करणार तीही त्याच्यासाठीच, विम्यासारखी. काही रोपं दुसऱ्या निवडुंगाच्या खुंटावर बांधून लवकर मोठी करायची, त्यांचं बी घ्यायचं, म्हणजे मुळावरची मेली तरी वंश राहतो.

१३ फेब्रुवारी २०२१

मिश्रण तयार. चाळलेला प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) तीन भाग, बारीक लाव्हा एक भाग, वर चिमूटभर जिप्सम. कोकोपीट नाही, शेणखत नाही, पालापाचोळ्याचं काहीच नाही. सेंद्रिय माल आला की त्याच्यामागे बुरशी आणि चिलटं येतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या रोपाला दोन्ही झेपत नाहीत. प्यूमिस तीनदा धुतला. त्याची भुकटी राहिली तर पाणी पडताच सिमेंटसारखा थर बसतो.

ओलं मिश्रण कुंड्यांसकट प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास. झाकण न उघडता रात्रभर तसंच ठेवलं.

१४ फेब्रुवारी २०२१

पेरणी. पाच सेंटिमीटरच्या तीन कुंड्या : ‘क’मध्ये २७, ‘ख’मध्ये २७, ‘ग’मध्ये २६.

बी आधी पाच मिनिटं पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलं. चिमट्याने उचलायचा प्रयत्न दोन दाण्यांतच सोडला, कारण ते उडतात. ओल्या टूथपिकच्या टोकाला मात्र आपसूक चिकटतात आणि ओल्या खड्यांवर टेकवले की सुटतात. वरून माती टाकली नाही. इतक्या बारीक बियांना रुजायला उजेड लागतो. गाडलं तर ती झोपून राहतात. कुंड्या तळातून उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात उभ्या केल्या, वरचे खडे ओले दिसल्यावर काढल्या, आणि एकेक झिपच्या पिशवीत बंद. एलईडी पट्टीखाली तीस सेंटिमीटरवर, चौदा तास उजेड. दिवसा अठ्ठावीसच्या आसपास, रात्री बावीस.

२२ फेब्रुवारी २०२१

आठवा दिवस. ‘ग’मध्ये एक हिरवा ठिपका. भिंगातून पाहिलं तर खरंच रोप : गोल पोट आणि वर केसाएवढी चीर. ती चीर म्हणजे दोन दलं.

७ मार्च २०२१

मोजणी : ‘क’ १७, ‘ख’ १५, ‘ग’ १५. ऐंशीपैकी ४७. मला तीसचीही आशा नव्हती.

‘क’ची पिशवी रोज उघडून भिंगाने बघते. प्लास्टिकवरच्या वाफेतून नीट दिसत नाही म्हणून.

२८ मार्च २०२१

‘क’मध्ये शेवाळ. आधी खड्यांच्या कडांना हिरवट झाक आली, आठवड्यात तिची चादर झाली. ‘ख’ आणि ‘ग’ स्वच्छ. तीनही कुंड्यांचं मिश्रण एक, पाणी एक, उजेड एक. फरक एवढाच की ‘क’मध्ये मी रोज नाक खुपसत होते. निर्जंतुक केलेल्या कुंडीत जे नव्हतं ते माझ्या श्वासातून, बोटांवरून आणि फवाऱ्यातून गेलं. पुडीवरची ओळ आज पुन्हा वाचली.

कोरड्या हवेत शेवाळ मरतं, पण या वयात रोपही मरतं. मऊ कुंचल्याने थोडं खरवडलं, त्यात तीन रोपं उपटली गेली. आणखी सहा चादरीखाली गेली. आठ उरली आहेत.

१८ एप्रिल २०२१

खुंटांची तयारी. रोपांच्या कलमासाठी पेरेस्किऑप्सिससारखा दुसरा खुंट नाही. हाही निवडुंगच, पण याला खरीखुरी पानं असतात आणि तो झुडपासारखा सरळ वर जातो. त्याला ऊब, पाणी आणि खत भरपूर लागतं. निवडुंग समजून तहानलेला ठेवला की खोड कडक होतं आणि कलम धरत नाही. बारा कांड्या दोन महिन्यांपूर्वी लावल्या होत्या, आता पंधरा सेंटिमीटर झाल्यात. शेंडे कोवळे, लुसलुशीत.

त्याची कुसळं मात्र वाईट. दिसत नाहीत, तीन दिवस टोचत राहतात. चिकटपट्टी लावून ओढली की बरीचशी निघतात.

९ मे २०२१

पहिली कलमं. रोपं बारा आठवड्यांची, सर्वांत मोठं एक मिलिमीटर. खरं म्हणजे आणखी वाढू द्यायला हवी होती, पण ‘क’मधली आठही शेवाळात बुडत चालली आहेत. तशीही जाणारच, म्हणून तीच घेतली.

दाढीचं नवं ब्लेड मोडून अर्धं केलं, स्पिरिटने पुसलं. खुंटाचा शेंडा पानांच्या वर आडवा कापला. कापल्याबरोबर चीक येतो. तो सुकू नये म्हणून कापलेली पातळ चकती परत तिथेच ठेवली, झाकणासारखी. मग रोप ब्लेडच्या सपाटीवर आडवं धरून मधोमध कापलं. पोटाचा वरचा भाग ब्लेडच्या टोकावर चिकटून राहतो. चकती सरकवून रोप खुंटावर घसरवत ठेवलं आणि टूथपिकने हलकंसं दाबलं, खाली अडकलेली हवा निघावी म्हणून. बांधायला काही लागत नाही. एवढुशा रोपाला चीकच धरून ठेवतो.

आठही कलमं नीट मध्यावर बसली. वरून पाहिलं तर निशाणासारखी : हिरवं वर्तुळ आणि मधोमध ठिपका. फार समाधान वाटलं. मोठ्या पारदर्शक डब्यात ओल्या कागदावर कुंड्या ठेवून झाकण लावलं.

१३ मे २०२१

झाकण थोडं उघडलं. आठपैकी पाच नुसत्या फुंकरीने पडली. त्यांच्याखाली खुंटाची जखम सुकून पांढरी झाली होती.

१६ मे २०२१

आणखी दोन गेली. एकच उरलं, आणि तेच मी वाकडं बसवलं होतं! त्या वेळी हात थरथरला होता आणि दुरुस्त करायचा धीर झाला नव्हता.

त्याच्यावरून उलगडलं. खुंट आडवा कापला की आत एक फिकट वलय दिसतं. रसवाहिन्या त्या वलयात असतात. मधला गाभा नुसता भेंड. रोपातही तसंच वलय असतं, पण ते इतकं बारीक की भिंगातून एक ठिपका दिसतो. जुळायला हवीत ती दोन वलयं. खुंटाचं वलय अडीच मिलिमीटरचं आणि रोप एक मिलिमीटरचं. असं रोप मधोमध ठेवलं की ते पूर्णपणे भेंडावर बसतं. वाहिनी वाहिनीला शिवतच नाही. वाकडं बसलेलं रोप वलयावर पडलं आणि जगलं. म्हणजे निशाणासारखी देखणी सातही कलमं बसवतानाच मेलेली होती.

हे वाचलेलं नव्हतं असं नाही. ‘वलयं जुळवावीत’ हे वाक्य कलमावरच्या प्रत्येक लेखात असतं. मी त्याचा अर्थ ‘मधोमध ठेवावं’ असा घेतला होता.

६ जून २०२१

दुसरी फेरी. ‘ख’ची पिशवी उघडून सहा रोपं घेतली, नऊ मागे ठेवली. या वेळी तीन बदल. खुंट अगदी वर, कोवळ्या सेंटिमीटरभर भागात कापला. तिथे वलय लहान असतं. रोप बाजूला सरकवून वलयाच्या रेषेवर ठेवलं, म्हणजे दोन वलयं कुठेतरी एकमेकांना छेदणारच. आणि डबा चौथ्या दिवशी किंचित, सहाव्या दिवशी पूर्ण उघडणार. आधी उघडला तर रोप सुकतं, उशीर केला तर जखम कुजते.

दिसायला सगळी बेंगरूळ.

१९ जून २०२१

सहापैकी चार धरली. धरल्याची खूण म्हणजे रोपाचं पोट फुगतं आणि अंगाला चकाकी येते. मेलेलं रोपही काही दिवस हिरवं राहतं, पण फुगत नाही. आधीचं एक धरून पाच झाली. त्यांना पे-१ ते पे-५ असे क्रमांक दिले. पे-१ हे ते वाकडं.

२५ जुलै २०२१

कलमं तीन मिलिमीटर. खुंटाच्या बगलेतून फुटवे येतात, दर आठवड्याला खुडते. ते ठेवले तर सगळा जोर तिकडे जातो. पानं मात्र ठेवायची, खुंटाचा स्वयंपाक तीच करतात.

२२ ऑगस्ट २०२१

‘ख’मध्ये सकाळी दोन रोपं आडवी. उचलली तर पोट आतून पोकळ. खड्यांत भिंगाने पाहिलं : पारदर्शक अळी, काळं डोकं. फंगस नॅट, म्हणजे कुंडीवर भिरभिरणारी ती बारीक काळी चिलटं. पुस्तकात असतं की अळ्या कुजका पाला आणि बुरशी खातात. कोवळं रोप पुढ्यात आलं तर तेही सोडत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ती माझ्या निर्जंतुक मिश्रणात जन्मली नाहीत. शेजारच्या ट्रेमध्ये पेरेस्किऑप्सिसच्या कुंड्या आहेत, त्यात कोकोपीट आणि कायम ओल. चिलटांची पैदास तिथे झाली. ‘ख’ रोपं काढल्यापासून उघडी होती. विमा ज्यांच्यासाठी काढला त्यांनाच विम्याने खाल्लं, असं झालं.

पिवळे चिकट सापळे लावले. पाण्यात बीटीआय (अशा अळ्या मारणारे जिवाणू) घालून दोन्ही ट्रे भिजवले, दहा दिवसांनी पुन्हा भिजवणार. खुंटांच्या कुंड्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेल्या. त्या आधीच तिथे असायला हव्या होत्या.

५ सप्टेंबर २०२१

‘ख’मध्ये चार उरली. चिलटं थांबली.

‘ग’ कुठे आहे? शोधली. वरच्या फळीवर, पट्टीच्या कडेला, मे महिन्यात मीच ठेवली होती. पिशवी अजून बंद, आत वाफेचे थेंब. पाणी घालायची गरजच नाही, ते आतल्या आत फिरतंय. मोजायला वाकले, मग पिशवीला हात न लावता परत फिरले.

१६ जानेवारी २०२२

थंडीने पेरेस्किऑप्सिसची पानं गळाली. खोली एका रात्री नऊ अंशांवर गेली होती. पे-२चा खुंट बुंध्यापासून काळा पडला. वरचं डोकं कापून दुसऱ्या खुंटावर बसवलं, पण थंडीत खुंट झोपलेला असतो, चीकच येत नाही. गेलं. चार राहिली. आता कुंड्यांखाली गरम चटई ठेवली आहे, थर्मोस्टॅट अठरावर.

१७ एप्रिल २०२२

‘ग’ उघडली. पेरल्यापासून चौदा महिने.

तेरा रोपं जिवंत. शेवाळ नाही, अळी नाही, खड्यांवर जिप्समची पांढरट झाकसुद्धा तशीच. चौदा महिन्यांत मी या कुंडीसाठी काहीही केलेलं नाही, आणि तिन्हीत ती उत्तम आहे. यावर फार विचार करायला नको, नाहीतर बाकीच्या कामाचा अर्थच शोधावा लागेल.

पिशवी एकदम काढायची नाही. आज दोन छिद्रं, दर आठवड्याला आणखी दोन. बंद हवेत वाढलेल्या रोपाची साल पातळ असते, कोरड्या हवेत ती दोन दिवसांत चिपाड होते.

१९ जून २०२२

मोजमाप. मुळावरची (‘ख’ची चार, ‘ग’ची तेरा) : दोन ते अडीच मिलिमीटर. वय सोळा महिने. कलमावरची : पे-१ चौदा मिलिमीटर, पे-४ अठरा, बाकी दोन मधली. भावंडं एकाच पुडीतली.

अठरा मिलिमीटरच्या त्या झाडाकडे बघून मात्र आनंद होत नाही. फुगलंय. चुण्या ताणून सपाट झाल्यात, रंग पोपटी, बुडापाशी तीन पिल्लं. उशीला खोळ घट्ट व्हावी तसं. आणि ‘ग’मधलं अडीच मिलिमीटरचं रोप भिंगाखाली धरलं की त्यावर आत्ताच राखाडी रंग आहे आणि पहिली चुणी पडायला लागलेली दिसते. काही जण म्हणतात की कलम उतरवलं की झाड पुन्हा आवळतं, मूळ रूपावर येतं. बघू.

प्रकाश थोडा जास्त झाला होता, रोपांवर तांबूस छटा आली. निवडुंगात हा लाल रंग बीटालेनचा, बीटमध्ये असतो त्या कुळातला. पट्टी पाच सेंटिमीटर वर घेतली.

११ सप्टेंबर २०२२

पेरेस्किऑप्सिसवर कलम कायमचं ठेवता येत नाही. खोड वरून जड होतं, बुंधा लाकडासारखा कडक होतो, आणि एक दिवस सगळं कोसळतं. म्हणून पे-३ आणि पे-४ हलवली. खुंट ट्रायकोसिरियस, हा खांबासारखा वाढणारा निवडुंग. मायर्टिलोकॅक्टसही चालला असता, देखणा निळसर असतो, पण थंडीला कच्चा. जानेवारीनंतर तो धोका पत्करायची इच्छा नाही.

मोठं कलम हे वेगळंच काम. इथे वलयं डोळ्यांनी दिसतात, आकारही जवळपास सारखे, त्यामुळे मधोमध बसवलं तरी चालतं. पण खुंटाच्या कडा तिरप्या तासाव्या लागतात. कारण कापल्यावर आतला रसाळ गर आक्रसतो आणि साल आक्रसत नाही. कडा तशाच ठेवल्या तर वरचा भाग वाटीसारखा खोलगट होतो आणि त्यावर बसवलेलं डोकं अधांतरी राहतं. वरून दोन रबरबँड, कुंडीच्या तळाखालून फुलीसारखे. आठवडाभर कोरड्या सावलीत, पाणी नाही.

डोकी कापताना पेरेस्किऑप्सिसवर रिटेरीची दोन मिलिमीटरची चकती मुद्दाम मागे सोडली. चकतीवर एरिओल, म्हणजे काटे आणि लोकर जिथून येतात ते ठिपके, शिल्लक असले की त्यातून पिल्लं फुटतात.

पे-५ वेगळ्या प्रयोगासाठी. कलमाखाली खुंटाचा दीड सेंटिमीटर तुकडा ठेवून बाकी कापला आणि तो तुकडा मिश्रणात असा पुरला की रिटेरीचं बूड खड्यांना टेकेल. खुंटाला मुळं फुटतील, तो काही काळ झाडाला पोसेल, हळूहळू मरेल, आणि तोवर रिटेरी स्वतःची मुळं सोडेल. निदान असं होणं अपेक्षित आहे.

पे-१ला हात लावला नाही. ते अजून वाकडंच आहे.

१२ मार्च २०२३

मागे ठेवलेल्या चकत्यांवर पिल्लं : एकीवर चार, दुसरीवर दोन. चार मिलिमीटरची झाली की उतरवेन.

पे-५च्या बुडाशी पिठ्या ढेकूण. चुण्यांत शिरले की दिसत नाहीत, नुसता कापूस दिसतो आणि या झाडाच्या डोक्यावर मुळातच लोकर असते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने एकेक काढला. मग सगळ्या कुंड्या उपसून मुळं तपासली, कारण मुळांवर राहणारे पिठ्या वेगळे आणि जास्त कपटी. सुदैवाने नव्हते.

२१ मे २०२३

पे-४ फुललं! कलम केल्यापासून दोन वर्षांत. सेंटिमीटरभर फूल, पांढरं, पाकळ्यांच्या मागे गुलाबी रेघ, लोकरीतून थेट वर आलेलं. झाडापेक्षा फूल नाजूक दिसतं. दोन दिवसांनी पे-३वरही एक.

कुंचल्याने परागकण इकडून तिकडे, तिकडून इकडे. एकाच झाडाचे त्याच झाडावर घातले नाहीत. दोन वेगळ्या बियांपासूनची झाडं आहेत, त्यांची सरमिसळ व्हायला हवी.

१६ जुलै २०२३

फळ लोकरीच्या आतच पिकतं, बाहेर येत नाही. मी वाट बघत होते की काहीतरी लालसर वर दिसेल. आज दिसल्या त्या मुंग्या. लोकरीतून एकेक काळा दाणा तोंडात धरून रांगेने खुंटावरून खाली, कुंडीवरून ट्रेवर, ट्रेवरून भिंतीकडे.

पहिल्या दिवशी बियांच्या टोकाला दिसलेली ती मऊ गाठ आत्ता आठवली. अशा गाठीच्या लोभाने मुंग्या बी उचलून नेतात आणि पुढे कुठेतरी टाकतात. कड्याच्या भेगेत बी पोचवायला याहून चांगली व्यवस्था नाही. माझ्या भिंतीच्या भेगेत मात्र तिचा उपयोग नव्हता.

चिमट्याने लोकर विंचरून उरलेलं बी काढलं : ३१ दाणे. दोन रांगेतल्या मुंग्यांकडून परत घेतले, ते धरून. आता कुंड्या पाण्याच्या ताटलीत उभ्या आहेत, मध्ये बेटासारख्या.

१५ ऑक्टोबर २०२३

पे-१ कोसळलं. खुंट आतून पोकळ झाला होता, अपेक्षित होतं. डोकं मऊ पडलं होतं, पण पाच पिल्लं कडक. ती कापली, दोन आठवडे कोरडी ठेवली, कोरड्याच खड्यांवर टेकवली. चकत्यांवरची सहा आधीच अशी बसवली आहेत, त्यांपैकी चारांना मुळं आली. वाकड्या झाडाची गोष्ट संपली असं लिहिणार होते, पण पिल्लं त्याचीच आहेत.

११ फेब्रुवारी २०२४

मुळावरच्या झाडांना तीन वर्षं झाली. हिवाळ्यात एक गेलं होतं, सोळा होती. पाच ते सहा मिलिमीटर. पहिल्यांदाच कुंड्या बदलल्या, आणि बदलल्या नसत्या तर बरं झालं असतं. मुळं केसासारखी, खड्यांना गच्च धरून बसलेली. खडा सोडवला की मूळ तुटतं. तुटलेल्या मुळाची जखम सुकायला दहा दिवस द्यायचे असतात; मी सहाव्या दिवशी पाणी दिलं. का दिलं याचं उत्तर नाही. रोपं सुरकुतलेली दिसत होती आणि हातात झारी होती.

१० मार्च २०२४

चार कुजली. बारा उरली.

पे-५ उपसून पाहिलं : खुंटाचा तुकडा मऊ तपकिरी होऊन गळून गेलाय आणि रिटेरीच्या बुडातून स्वतःची तीन पांढरी मुळं निघालीत. दीड वर्ष लागलं. झाड थोडं आवळलंय, रंग पोपटीवरून करड्याकडे. चुण्या वरच्या नव्या भागात परतल्यात. खालचा फुगीर भाग मात्र तसाच आहे.

१७ मार्च २०२४

दुसरी पिढी पेरली. ३१पैकी ३० दाणे, एक टूथपिकवरून उडाला. एकच कुंडी, त्याच प्रमाणाचं मिश्रण, कुकर, झिपची पिशवी. पिशवीवर मार्करने आजची तारीख.

७ एप्रिल २०२४

प्लास्टिकमधून मोजली, बहुधा बावीस. पिशवी उघडलेली नाही.

१८ मे २०२५

पिशवी चौदा महिन्यांनी उघडली. एकवीस. आज फक्त दोन छिद्रं.

मुळावरची बारापैकी अकरा आहेत. सर्वांत मोठं आठ मिलिमीटर, ‘ग’मधलं. फुलाला अजून बरीच वर्षं.

२४ मे २०२५

बाईंकडे दोन कुंड्या घेऊन गेले : मुळावरचं आठ मिलिमीटरचं, आणि खुंटावरचं पे-३, ज्यावर तीन कळ्या आहेत. मला वाटलं होतं त्या लहान उचलतील. त्यांनी भिंगाने लहानाकडे खूप वेळ पाहिलं, चुण्या मोजल्या, “छान आवळलंय गं,” म्हणाल्या, आणि ते माझ्याकडे सरकवून पे-३ आपल्या खिडकीत ठेवलं.

“अहो बाई, ते फुगलेलं आहे,” मी म्हटलं.

“असू दे. याच्या कळ्या शनिवारपर्यंत उमलतील. तुझ्या त्या ठिपक्याचं फूल बघायला मी असेन का?”

मग बंद पिशवी किती दिवस ठेवली ते विचारलं. सव्वाचारशे दिवस म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पहिल्या खेपेला किती दिवस ठेवली होती तेही विचारलं. ते मी सांगितलं नाही.

पे-३ गेल्याने फळीवर एका कुंडीची जागा झाली आहे. तिथे पे-१ची पाच पिल्लं हलवली.